खिळा

लडकत मास्तरांचा राजवाडा
अठरा फूट रुंद, दहा फूट उंच
आणि जाडीला मांजरपाट.

घोरपडे पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये
तो कसाबसा मावायचा,
त्याचा शेवट मात्र मावत नसे.
खांबांच्या दोन्ही रांगा जिथे जाऊन मिळतात
ती जागा पडद्यावर नव्हतीच.
ती पडायची दाराबाहेर, बोळ ओलांडून,
शेवंताबाई परदेशींच्या मोरीच्या भिंतीवर.
तिथे मास्तरांनी एक खिळा ठोकला होता.

माझं काम दोरी धरण्याचं.
एक टोक खिळ्याला, दुसरं माझ्या मुठीत,
मधल्या सुतळीला गेरू.
ताण. अजून ताण. आता श्वाससुद्धा घेऊ नकोस.
मग मास्तर दोन बोटांत दोरी उचलायचे
आणि सोडायचे.
फट्.
कापडावर तांबडी रेघ,
आणि शेडची भिंत
एक पाऊल मागे.

बोळात सायकल आली की दोरी वर उचलायची.
राजवाड्याखालून दूधवाला जायचा,
भंगारवाला, शाळेची पोरं डोकी वाकवून.
एकदा तिरडी आली तेव्हा
मास्तरांनी दोरी खाली सोडायला लावली,
आणि ती माणसं तिला ओलांडून गेली,
एकेक पाय उचलून.

शेवंताबाई म्हणायच्या,
"मास्तर, तुमचे एवढे महाल
सगळे माझ्या मोरीत येऊन संपतात."
खिळ्याला त्या दुधाची पिशवी अडकवत.
नारायणगावच्या तमाशाचा दरबार,
फोटो स्टुडिओतली संगमरवरी पायरी,
कुठल्याशा मंडळाच्या देखाव्यातली लंका,
सगळ्यांच्या रेघा
त्या पिशवीत.

मास्तरांचा उजवा डोळा
खडकीच्या कारखान्यात, लेथवर गेला.
चहा ओतताना ते आधी बोटाने
कपाची कड चाचपत.
रस्ता ओलांडताना माझं मनगट धरत,
मी दहा वर्षांची, ते पन्नाशीचे,
आणि लोकांना वाटे आजोबा नातीला सांभाळतायत.

इंटरमिजिएटच्या वर्गात बाईंनी शब्द सांगितला:
यथार्थदर्शन.
मी येऊन सांगितला तर मास्तर
ब्रश खाली ठेवून हसले.
"यथार्थ? अगं, पक्की लबाडी आहे ही.
थिएटरात खुर्च्या सहाशे,
त्यातली एकच खरी.
बाकीच्यांना महाल थोडा कललेलाच दिसतो,
पण तिकीट काढलेलं असतं ना,
म्हणून बोलत नाहीत."

आणि मग, रंग कालवता कालवता:
"एक डोळा मीट. मिटलास?
आता ते कपाट बघ, आणि पडद्यावरचं कपाट बघ.
सांग, कुठल्यात कपडे ठेवशील?"

मी बराच वेळ बघत राहिले.

"मला सगळं असंच दिसतं," ते म्हणाले,
"एका कापडावर काढल्यासारखं.
म्हणून तर जमतं.
दोन डोळेवाल्याला आधी विसरावं लागतं."

पुढे फ्लेक्स आला. महाल छापून येऊ लागले,
तासाभरात, खिळ्याविना.
मास्तर गेले त्या साली मी परगावी होते.
शेड गेली, तिथे सहा मजले,
खाली पार्किंग.

परवा त्या बोळात गेले.
शेवंताबाईंची भिंत आहे अजून.
निळा ऑइलपेंट दिलाय,
खिळ्यालाही, एकाच हातात,
कुणी काढायची तसदी घेतली नाही.
पिशवी नव्हती.

आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं.
एक डोळा मिटला
आणि हात पुढे केला.
बोट हवेतच थांबलं,
खिळ्याच्या चांगलं वीतभर अलीकडे.

आतून आवाज आला, "कोण पाहिजे?"
"कुणी नाही," म्हटलं,
"लांबून आले होते, सहज."

खरं तर कोथरूडहून.